तिची बोटं आखडतात

वरवट बकाल
३ डिसेंबर २०२४

शेखरदादा,

तुझा कालचा मेसेज पाहिला. "अर्पू, वीस नवीन धडे लागतील, जानेवारीच्या आत. कंपनीवाले मागे लागलेत. शूटिंगला नवीन लाइट पाठवतो." खाली जोडलेले हात.

फोनवर उत्तर देत नाही. फोनवर तू बोलत सुटतोस आणि मी हो म्हणून बसते. कागदावर मधात कोणी तोडत नाही. पत्ता तू गिटारच्या तारा पाठवल्या होत्यास त्या खोक्यावरून घेतला.

धडे होणार नाहीत.

परवा रविवारी मी बुलडाण्याला होते. शनिवारी गार्गीचा फोन आला होता. बी.एड.ला माझ्या बाकावर बसायची ती. "अगं, तुझ्या भावाच्या चॅनेलचं पोस्टर लागलंय आमच्या कॉलनीत, उद्या कार्यक्रम आहे. 'आधी बोटं, मग गिटार'. तू येशीलच ना?" मी म्हटलं, येणार तर! मला काही माहीतच नाही हे तिला कसं सांगायचं? तू घरापासून तीन तासांवर येणार होतास आणि घरात कुणालाच बोलला नव्हतास.

मला वाटलं, गडबडीत राहून गेलं असेल. पुढचंही लिहून टाकते, लाज वाटली तरी. मला वाटलं, तू मला आयत्या वेळी स्टेजवर बोलावणार आहेस. गार्गीकडून निरोप जाईल हे तुला ठाऊक असणार, असंही मनाला पटवलं. आईची निळी साडी नेसले. सकाळच्या एसटीत इतकं गार वारं होतं की हात सुन्न झाले. नांदुऱ्याच्या स्टँडवर चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसले आणि चहा निवला तेव्हा दुसरा घेतला. वाजवायला सांगितलं तर बोटं तयार हवीत ना.

हॉल गच्च भरला होता. मी आणि गार्गी मागून तिसऱ्या रांगेत. दिवे गेले आणि पडद्यावर माझे हात आले. पहिलाच व्हिडिओ, पलंगावरच्या गोधडीसकट. तळवे चोळणं, मुठी उघडझाप, मग तारेवर आवाज न करता एकेक बोट टेकवणं, आणि शेवटी संथ एक, दोन, तीन, चार. एवढ्या मोठ्या पडद्यावर मी ते कधी पाहिलं नव्हतं. माझं मलाच आवडलं.

मग तू बोलायला आलास. स्टेजवर तू पुण्याचं मराठी बोलतोस, बरं बोलतोस. "हे हात कुणाचे, असं मला रोज विचारतात. आज माझ्या जिल्ह्यात आलोय, तर सांगूनच टाकतो." मी पदर सारखा केला. तू म्हणालास, "माझी पत्नी, मधुवंती."

वहिनी आली. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एकदा करून दाखवा ना." तू पटकन म्हणालास, "आज मॅडमच्या बोटाला लागलंय." वहिनीनं डावा हात वर केला. अनामिकेला पांढरी पट्टी होती.

दादा, मीसुद्धा टाळ्या वाजवत होते. सगळे वाजवत होते म्हणून सुरू केल्या आणि थांबवायचं सुचलं नाही. गार्गी माझ्याकडं बघत राहिली. तिनं होस्टेलवर माझी बोटं दोन वर्षं बघितली आहेत. "अर्पिता, हे..." मी म्हटलं, "हो, वहिनी छान वाजवते."

तुला वाचवायला मी खोटं बोलले. घरी पोचेपर्यंत तेच डोक्यात होतं. तू जे केलंस त्यापेक्षा माझ्या तोंडून ते इतक्या सहज कसं निघालं, याचाच विचार करत आले.

लाइट पाठवू नकोस.

अर्पिता


वरवट बकाल
१२ डिसेंबर २०२४

शेखरदादा,

माझ्या पत्राचं उत्तर तू आईच्या फोनवर दिलंस. तेही मी गोठ्यात असताना. आईनं जसं आठवलं तसं सांगितलं. हात कुणाचे का असेनात, घरचेच आहेत ना. लोकांना चेहरा लागतो. अर्पिताचा चेहरा दाखवायला बाबांनी बंदी केली, मग मी काय करणार होतो? तिचं लग्न व्हायचंय, तिच्याच भल्यासाठी केलं.

आई म्हणाली, "जाऊ दे ना वं बाई. भाऊ हाय तो. त्याचं बस्तान बसून राह्यलं."

तर आता पहिल्यापासून लिहिते. तू विसरला असशील, किंवा विसरायचं ठरवलं असशील.

लॉकडाऊनमध्ये तुझी नोकरी गेली आणि तू गिटार घेऊन घरी आलास. मी तेव्हा बावीसची. तू कंटाळलेला होतास म्हणून मला शिकवायला बसलास. चांगलं शिकवायचास, ते मी नाकारत नाही. माझी करंगळी तारेवरून घसरायची, तेव्हा तू माझ्या मनगटाखाली उशी ठेवून तास तास बसलास. घरात दुसरं कुणी माझ्यासाठी इतका वेळ बसलं नव्हतं.

पण त्या व्यायामातला एकही तुझा नाही. तू मला सरळ गाण्यावर घालायचास. मी पहाटे विहिरीवर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या धुऊन यायचे. हिवाळ्यात ते पाणी कसं असतं ते तुला माहीत आहे, तू ते काम एकदा केलंस आणि पुन्हा केलं नाहीस. त्या बोटांनी तार दाबली की कळ कोपरापर्यंत जायची. म्हणून मी माझं माझं बसवत गेले. आधी चुलीपुढं तळवे शेकायचे, मग मुठी, मग अंगठ्यानं एकेका बोटाचं मूळ दाबायचं. तार आधी नुसती शिवायची, दाबायची नाही. बोटाला कळू द्यायचं की आता काम आहे. एक, दोन, तीन, चार आणि परत उलट, इतकं हळू की मधात एक श्वास व्हावा. पहिला हिवाळा सरेपर्यंत माझी करंगळी तुझ्यापेक्षा पुढं गेली.

ते तुला त्याच आठवड्यात समजलं. तू स्वतः जिथं अडायचास ती लांब चाल मी न अडखळता वाजवली आणि तू म्हणालास, "परत वाजव." परत वाजवली. तू उठून बाहेर गेलास. आलास तेव्हा फोन हातात होता. "तू बोटं गरम करतेस ना, तेवढंच काढू. चार मिनिटं."

मी विचारलं, "चेहरा?"

"बाबांशी बोललो मी. ते म्हणतात, पोरीचं तोंड मोबाइलमध्ये दिसलं तर गिटार विहिरीत टाकीन. फक्त हात चालतील, तेही मी मनवलं म्हणून."

मी बाबांना विचारलं नाही. तू सांगितलंस म्हणजे झालं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत आले. ताट वाढायचं, पाणी द्यायचं, जुड्या किती झाल्या ते सांगायचं. मी गिटार उचललं की ते चपला घालून घराबाहेर जायचे. तू पुण्याला परत गेल्यावर मी तुला फोनवर म्हणायचे, "बाबांना आवाजसुद्धा सहन होत नाही रे." तू म्हणायचास, "सोड, त्यांना कळत नाही." मला किती बरं वाटायचं. कुणीतरी माझ्या बाजूचं आहे.

मी इथून हात काढून पाठवायचे, तू चॅनेलवर टाकायचास, असे एकशे बारा व्हिडिओ झाले. प्रश्न यायचे, ते तू मला पाठवायचास, मी उत्तरं लिहायचे, तू ती टाकायचास. धाडच्या प्रतिमाताई आठवतात? निवृत्त शिक्षिका, आजारपणानंतर ज्यांची बोटं कडक झाली होती. त्यांना मी दर आठवड्याला एक नवा व्यायाम लिहून द्यायचे. त्यांनी मला कधी पाहिलं नाही, पण त्यांच्या डाव्या करंगळीला आता काय जमतं ते मला माहीत आहे.

मार्चमध्ये एका व्हिडिओच्या फोटोत माझ्या हातांशेजारी वहिनीचा चेहरा लावला होतास. मी विचारलं तर तू म्हणालास, "नुसती डिझाइन आहे गं." मी तेव्हाच समजायला हवं होतं. समजलंही असेल. तुझ्यावर संशय घेणं मला जड गेलं आणि मी तो घेतला नाही.

आता बाबांच्या आड लपू नकोस. बंदी त्यांनी केली असेल, पण माझे हात दुसऱ्या बाईचे म्हणून दाखवा, असं काही त्यांनी सांगितलं नव्हतं.

अर्पिता


वरवट बकाल
२० डिसेंबर २०२४

शेखर,

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. दोन फाडली.

सोमवारी संध्याकाळी आम्ही अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होतो. आई आत भाकरी टाकत होती. मी महिन्याच्या पहिल्या तारखेपासून गिटार हातात घेतलेलं नव्हतं. बाबा खाली बघूनच म्हणाले, "काऊन वं, पंधरा दिवस झाले, खोलीतून आवाज नाही?"

मी म्हटलं, "बरंच झालं ना. तुम्हाले तं नकोच होतं."

"मले? काय नको होतं?"

"माह्यं वाजवणं. तुम्हीच दादाले म्हटलं ना, पोरीचं तोंड मोबाइलात दिसलं तं गिटार विहिरीत टाकीन."

बाबांनी जुडी खाली ठेवली. "म्या कवा म्हनलं असं?"

"चार वर्षांमागं. दादानं सांगतलं मले."

"अर्पे, म्या त्याच्याशी गिटारीचं एकदाच बोललो. त्यानंच मले बाजूले घेतलं. म्हने, बाबा, ती शिकून राह्यली तवा तुम्ही तिच्या खोलीकडं फिरकू नका. तुम्ही असले की तिची बोटं आखडतात. तुमच्यासमोर लाजते म्हने ती. तिले सांगूही नका, सांगतलं तं वाजवणंच सोडून देईल."

मी बांधलेली जुडी सोडून परत बांधत राहिले.

"म्हनून मी निंघून जात होतो," बाबा म्हणाले. "उकंडरावच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर बसत होतो. थंडीत उकंडराव म्हने, काय हो हिंमतराव, घरी काही काम नाही का? म्या म्हनलं, पोरगी शिकून राह्यली."

चार वर्षं, शेखर! मी त्यांच्या पाठीकडं बघून दात खायचे, आणि ते माझी बोटं आखडू नयेत म्हणून बाकड्यावर बसायला जायचे. त्यांना वाटत होतं पोरगी आपल्याला लाजते, मला वाटत होतं बापाला आपण नको आहोत. दोन्ही तूच सांगितलं होतंस. एकाच घरात राहून आम्ही एकमेकांना विचारलं नाही, कारण तुझ्यावर विश्वास होता. तू हुशार, तू शिकलेला, तू दोघांचं ऐकून घेणारा.

मी किती वेळ विचार केला की तू हे का केलंस. चेहरा नको होता हे समजतं. पण बाबांना का तोडलंस? मग लक्षात आलं. ते खोलीत बसले असते तर एखाद्या दिवशी सहज म्हणाले असते, पोरी, फोटोत तोंड का नाही तुझं? एवढंच पुरलं असतं.

बाबा म्हणाले, "आज वाजव. मी बसतो. बोटं आखडले तं सांग, उठून जाईन."

मी हात धुतले, चुलीपुढं शेकले. बाबा दाराला टेकून खाली बसले, खोलीत यायला अजून कचरत होते. मी सुरू केलं. मुठी, मुळं, नुसता स्पर्श, मग एक, दोन, तीन, चार. आठ-दहा मिनिटं झाली असतील. बाबा डोळे मिटून मांडीवर ठेका धरत होते, बरोबर माझ्या लयीत. मी थांबले तर म्हणाले, "लय चांगलं हाय."

मी म्हटलं, "बाबा, हे गाणं नाही. हे नुसतं बोटं मोकळी करणं आहे. गाणं आता सुरू होईल."

"असं व्हय?" ते ओशाळले. "मले निंघता निंघता एवढंच ऐकू येत होतं. मले वाटे, हेच तुह्यं गाणं."

आणि मग माझी बोटं खरोखर आखडली. पहिली ओळ धरली आणि पुढचा सूर लागेना. मला रडू आवरेना. बाबा लगेच उठले आणि चपला शोधायला लागले.

मी म्हटलं, "बसा."

ते बसले. गाणं त्या दिवशी झालं नाही. दुसऱ्या दिवशी झालं.

तुला हे लिहिण्याचं कारण एवढंच की आई अजून म्हणते, त्याचा हेतू वाईट नसेल. तिला मी काही बोलले नाही. तूच सांग तिला.

अर्पिता


वरवट बकाल
१७ जानेवारी २०२५

शेखर,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार वर्षांत पहिल्यांदा तू मला हातानं काही लिहिलंस आणि त्यात गिटार परत मागितलंस. "वस्तू माझी आहे."

वस्तू तुझी आहे, खरं आहे. मी ती देणार नाही. हे बरोबर नाही तेही मला समजतं. तू पोलिसांत जा, नाहीतर बाबांना सांग. बाबा सध्या रोज संध्याकाळी पुसून ठेवतात ती.

एक जानेवारीला मी व्हिडिओ टाकला. माझ्या नावानं, माझ्या तोंडासकट. फोन बाबांनी धरला होता, हात हलतो म्हणून कोपर खुर्चीवर टेकवून. तोच सराव, चार मिनिटांचा. मी कुणाचं नाव घेतलं नाही, तुझं नाही, वहिनीचं नाही. फक्त म्हटलं, "मी अर्पिता, वरवट बकालची. वाजवण्याआधी मी बोटं अशी गरम करते."

पहिल्या दिवशी पासष्ट जणांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी खाली लिहून यायला लागलं. "मधुवंती मॅडमची सरळ कॉपी." "थोडी तरी लाज." "शब्दही तेच चोरलेत." शब्द तेच असणार, माझेच होते ते.

हे सगळं मी वाचू शकले. मग प्रतिमाताईंचं आलं. "बाळ, तू लहान आहेस म्हणून सांगते. दुसऱ्याची विद्या आपल्या नावावर खपवू नये. ज्या माऊलीनं मला वर्षभर हाताला धरून शिकवलं, तिचं मन दुखवू नकोस."

मी फोन पालथा ठेवून बसले. त्यांना काय लिहू? ती माऊली मीच, असं लिहिलं तर आणखी एक खोटं वाटलं असतं. पुरावा माझ्याकडं काय आहे? माझे हात आहेत, आणि तेच हात तू वहिनीच्या नावावर करून ठेवलेस.

आई म्हणाली, "शेखर पाहील. तो काही चूप नाही बसणार." तिला खरंच तसं वाटत होतं. मलाही थोडं वाटलं. म्हणून मी रोज उघडून बघत होते.

आणि चौथ्या दिवशी तुझ्या चॅनेलच्या नावानं, प्रतिमाताईंच्या खाली, तुझं उत्तर होतं. "धन्यवाद ताई. तुमच्यासारखे जाणकार प्रेक्षक आहेत म्हणून आम्ही उभे आहोत."

मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "हे त्यानंच लिहिलं? दुसऱ्या कोनी नाही?"

मी म्हटलं, त्यानंच.

ते रात्री जेवायला बसले आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवून उठले. आईनं त्या दिवसापासून तुझं नाव काढलेलं नाही.

बुलडाण्याच्या हॉलमध्ये तू माझं नाव घेतलं नाहीस, तिथपर्यंत मी कसंही करून समजून घेतलं असतं. तुला हाव सुटली, भीती वाटली, वहिनीपुढं मोठं व्हायचं होतं, काहीही. पण चार माणसं मला चोर म्हणत होती, तेव्हा तुला नुसतं गप्प बसता आलं असतं. तू तेवढंसुद्धा केलं नाहीस.

अर्पिता


वरवट बकाल
९ फेब्रुवारी २०२५

शेखर,

"तू माझा संसार मोडलास," असं तू लिहितोस. काय झालं ते तुला धड माहीत नसावं, म्हणून सांगते. आईला तू वेगळंच सांगितलं आहेस.

मी वहिनीला एक शब्दही लिहिलेला नाही. जानेवारीचं पत्र तू ऑफिसात असताना घरी आलं आणि तिनं फोडलं. मग तुझ्या कपाटातून आधीची तीनही काढली. पुढच्या रविवारी ती मेहकरहून, तिच्या माहेरून, एकटीच एसटीनं आमच्याकडं आली. मी तिला दारातच उभं ठेवणार होते. बाबा म्हणाले, "पोरगी लांबून आली. पानी दे."

तिनं पाणी घेतलं नाही. म्हणाली, "अर्पिता, यांनी मला सांगितलं होतं की तूच ते दिलंस. लग्नाची भेट म्हणून. तुला नाव नको, घरचे मारतील, म्हणून वहिनीच्या नावानं चालू दे म्हणालीस."

बाबा चमकले. "मारतील? कोन मारन?"

ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. विचारलं, "आणि बोटाची पट्टी? ती लावताना काय वाटलं?"

"वाटलं होतं," ती म्हणाली. "लावताना हात थांबला होता. पण लोक टाळ्या वाजवत होते, मॅडम म्हणत होते. मला आवडलं ते."

एवढं खरं बोलली, म्हणून मी तिला चहा केला.

त्याच दुपारी तिनं आमच्या ओट्यावर बसून, माझ्या फोनवर नाही, स्वतःच्या फोनवर, तुमच्याच चॅनेलवर टाकलं. "हे हात माझे नाहीत. माझ्या नणंदेचे, अर्पिताचे आहेत. मला गिटार वाजवता येत नाही. मी खोटं बोलले." सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं. तू ते दुसऱ्या दिवशी सकाळी काढून टाकलंस, पण ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलं. धड्यांचे पैसे देणाऱ्या कंपनीवाल्यांनीही पाहिलं असं तू लिहितोस. त्यात माझा हात नाही. वहिनी मेहकरला थांबली ती तिच्या मर्जीनं. परत जावं की नाही हे तिनं मला विचारलं, मी सांगितलं नाही.

प्रतिमाताईंनी फोन केला. नंबर वहिनीनं दिला असावा. म्हणाल्या, "मी एवढी वर्षं मुलं पारखली गं शाळेत, आणि तुझ्यावरच..." मी म्हटलं, "राहू द्या ताई. करंगळी कशी आहे?" मग आम्ही करंगळीबद्दल बोललो. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या शेजारच्या तीन मुली फोनवरून शिकणार आहेत. इथं गावात सात जण आहेत, एक माणिकराव तलाठी सोडले तर सगळ्या मुली. माणिकरावांचं मनगट कठीण आहे, पण माणूस चिकाटीचा आहे.

हे सांगते आहे ते तुला टोचावं म्हणून नाही. थोडं टोचावं म्हणूनही असेल.

आता तुझ्या पत्रातलं ते शेवटचं पान. ते तू गिचमिड लिहिलं आहेस, रात्री लिहिलं असशील. "तुला शिकवलं मी, आणि वर्षभरात तू पुढं गेलीस. पुण्यात रोज सकाळी तुझाच व्हिडिओ लावून मी बोटं गरम करायचो. दोन वर्षं केलं. तरी ती चाल मला आली नाही. तुझा चेहरा लोकांनी पाहिला असता तर मला ते रोज बघावं लागलं असतं."

हे मी तीनदा वाचलं. खरं आहे असं वाटतं. तू पहिल्यांदाच काहीतरी खरं लिहिलं आहेस आणि त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तू मला त्या दिवशी, बाहेरून परत आलास तेव्हा, फोन बाजूला ठेवून एवढंच म्हणाला असतास की अर्पू, मला हे जमत नाही, तर मी तुझ्या मनगटाखाली उशी ठेवून बसले असते. तास तास. तुला ते माहीत होतं. माहीत असूनही तू दुसरं केलंस, आणि मला त्याच्यापुढं जाता येत नाही.

माफीचं तू विचारलं आहेस. माझ्याकडं सध्या नाही. पुढं असेल की नाही, ते मी आज लिहून देऊ शकत नाही. वाट बघायला लावते असं समजू नकोस, वाट बघू नकोस.

पत्र पाकिटात घालत होते तर बाबांनी विचारलं, कोणाले? मी सांगितलं. ते म्हणाले, माह्यंही लिही. मी पेन घेऊन बसले. त्यांनी घसा साफ केला, आईकडं पाहिलं, आई पदरानं डोळे पुसत आत गेली. मग त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते:

"शेखर, तूर काढाले आली हाय. मानसं भेटत नाहीत. तुले जमलं तं ये. आलास तं जेव, ऱ्हाय, काम कर. गिटारीचं अन् अर्पिताचं काही बोलू नको, ते तिचं ती पाहीन. मी तुले चोर म्हनत नाही. पन मले खोटं काऊन सांगतलं, हे तू मले तोंडावर सांगशीन, तवाच मी तुह्याशी बोलन."

मी विचारलं, अजून काही? ते म्हणाले, नाही, झालं.

हा निरोप बाबांचा आहे. माझा निरोप नाही.

अर्पिता